बांगलादेशी निर्वासित (१९७१) आणि भारतातील आरोग्यसेवा

इ.स. १९७१ मध्ये तत्कालीन पूर्व पाकिस्तानातून (आताचा बांगलादेश) सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यामुळे पश्चिम बंगाल, त्रिपुरा, मेघालय व आसाम या सीमावर्ती राज्यांतील रुग्णालये आणि आरोग्य कर्मचारी यांच्यावर अभूतपूर्व भार पडला. छावण्यांमध्ये पटकीची (कॉलरा) मोठी साथ पसरली, लहान मुलांमध्ये तीव्र कुपोषण आढळले, डोळे येण्याची साथ आली आणि वर्षाच्या अखेरीस देवीच्या रोगानेही डोके वर काढले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनबीस यांच्या पथकाने या काळात पटकीच्या रुग्णांवर तोंडावाटे द्यावयाच्या क्षार-साखर द्रावणाने मोठ्या प्रमाणावर उपचार केले. महाराष्ट्रात ‘जलसंजीवनी’ या नावाने परिचित असलेल्या या उपचाराचा जगभर प्रसार होण्यात बनगावच्या अनुभवाचा मोठा वाटा आहे. निर्वासितांच्या लोंढ्यात औषधांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तुटवडा प्रशिक्षित मनुष्यबळाचा असतो, ही बाब या घटनाक्रमातून ठळकपणे पुढे आली.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलेल्या भोला चक्रीवादळात लाखो लोक मृत्युमुखी पडले. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीग पक्षाला पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत बहुमत मिळाले. मात्र त्या पक्षाकडे सत्ता सोपवण्यात आली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यासह प्रमुख शहरांत ‘ऑपरेशन सर्चलाइट’ ही कारवाई सुरू केली. त्यानंतरच्या हिंसाचारामुळे लोक सीमा ओलांडून भारतात येऊ लागले. एप्रिलमध्ये ही संख्या झपाट्याने वाढली आणि मे महिन्यात काही दिवस दररोज लाखभर माणसे भारतात दाखल होत होती.

सीमाभागातील सरकारी आरोग्ययंत्रणा मुळातच तुटपुंजी होती. ग्रामीण भागात साधारणपणे एका विकासगटामागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे. एक-दोन डॉक्टर, काही परिचारिका व सुईणी आणि मोजक्या खाटा एवढ्या बळावर अशा केंद्राला लाखभर लोकसंख्येची सेवा करावी लागे. गंभीर रुग्णांना उपविभागीय किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवले जाई. पश्चिम बंगालमध्ये त्या काळी राजकीय अस्थिरताही होती. २९ जून १९७१ रोजी तेथे राष्ट्रपती राजवट लागू झाली.

निर्वासितांची संख्या आणि विभागणी

डिसेंबर १९७१ पर्यंत भारतात ९८,९९,३०५ निर्वासितांची नोंद झाली होती. त्यांपैकी सुमारे ६८ लाख लोक ८२५ छावण्यांमध्ये राहत होते, तर सुमारे ३१ लाख लोकांनी नातेवाईक, परिचित किंवा स्थानिक कुटुंबांकडे आसरा घेतला होता. सर्वाधिक, म्हणजे सुमारे ७२ लाख निर्वासित एकट्या पश्चिम बंगालमध्ये होते. त्रिपुरात सुमारे १४ लाख, मेघालयात सुमारे ६ लाख ७० हजार आणि आसाममध्ये सुमारे साडेतीन लाख लोक होते. सीमेवरील दाटी कमी करण्यासाठी काही निर्वासितांना मध्य प्रदेश, बिहार व उत्तर प्रदेशातील छावण्यांत हलवण्यात आले.

स्थानिक लोकसंख्येशी तुलना केल्यास या आकड्यांचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. १९७१ च्या जनगणनेनुसार त्रिपुराची लोकसंख्या सुमारे साडेपंधरा लाख होती. म्हणजे तेथे जवळजवळ प्रत्येक स्थानिक व्यक्तीमागे एक निर्वासित होता. सुमारे दहा लाख लोकसंख्येच्या मेघालयात हे प्रमाण तीन स्थानिकांमागे दोन निर्वासित असे होते. पश्चिम बंगालमध्ये राज्याच्या एकूण लोकसंख्येच्या मानाने प्रमाण कमी असले, तरी निर्वासित मुख्यतः सीमेलगतच्या जिल्ह्यांत एकवटले होते. नदिया, चोवीस परगणा, पश्चिम दिनाजपूर व कूचबिहार या जिल्ह्यांतील अनेक गावांत निर्वासितांची संख्या मूळ रहिवाशांपेक्षा अधिक झाली.

प्रशासकीय व्यवस्था

निर्वासितांच्या मदतकार्याची जबाबदारी केंद्र सरकारच्या श्रम व पुनर्वसन मंत्रालयाकडे होती. महाराष्ट्रातील नेते र. के. खाडिलकर हे त्या वेळी या खात्याचे मंत्री होते. कलकत्ता (आताचे कोलकाता) येथे पुनर्वसन विभागाचे शाखा सचिवालय उघडण्यात आले व कर्नल पी. एन. लुथ्रा यांच्याकडे त्याची धुरा देण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या वतीने निर्वासितविषयक उच्चायुक्त सद्रुद्दीन आगाखान यांचे कार्यालय समन्वयाचे काम पाहत होते. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, रेड क्रॉस, ऑक्सफॅम, मदर तेरेसा यांची मिशनरीज ऑफ चॅरिटी आणि अनेक देशी-विदेशी स्वयंसेवी संस्था मदतकार्यात सहभागी झाल्या.

मदतीचा मोठा आर्थिक भार भारताने उचलला. त्यासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून देशभरातील टपालावर पाच पैशांचे ‘निर्वासित साहाय्य’ तिकीट लावणे सक्तीचे करण्यात आले. आरंभी नवीन तिकिटे छापून होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटांवर शिक्का मारून ती वापरली गेली. महाराष्ट्रासह सीमेपासून दूर असलेल्या राज्यांतील सामान्य नागरिकांचा या आपत्तीशी रोजचा संबंध आला तो या तिकिटामुळे.

रुग्णालयांवरील ताण

निर्वासितांपैकी अनेकजण कित्येक दिवस पायी चालत आले होते. वृद्ध, गरोदर स्त्रिया व लहान मुले यांचे प्रमाण मोठे होते. गोळीबारात व जाळपोळीत जखमी झालेले, लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रिया, अतिसाराने व उपासमारीने खंगलेले लोक असे सर्व प्रकारचे रुग्ण एकाच वेळी सीमेवरच्या लहान रुग्णालयांत पोहोचत होते.

या रुग्णालयांवरील ताण प्रामुख्याने चार बाबतींत दिसून आला. पहिली बाब म्हणजे जागा. खाटा भरल्यानंतर रुग्णांना व्हरांड्यात, अंगणात आणि जमिनीवर ठेवावे लागले. दुसरी बाब म्हणजे साहित्य. सलाइनच्या बाटल्या, सुया, नळ्या, प्रतिजैविके व पट्ट्या यांचा साठा नेहमीच्या गरजेपुरताच असे. तिसरी बाब म्हणजे स्वच्छता. संसर्गजन्य रुग्णांना इतरांपासून वेगळे ठेवण्याची सोय नसल्याने रुग्णालयच रोगप्रसाराचे ठिकाण बनण्याचा धोका होता. चौथी आणि सर्वांत कठीण बाब म्हणजे मनुष्यबळ. तंबू, औषधे व धान्य विमानाने वा रेल्वेने पाठवता येत होते. परंतु शिरेत सुई घालू शकणारी परिचारिका किंवा देवी आणि कांजिण्या यांतील फरक ओळखणारा डॉक्टर तितक्या वेगाने उभा करता येत नव्हता.

या परिस्थितीचा परिणाम स्थानिक रहिवाशांनाही भोगावा लागला. प्रसूती, शस्त्रक्रिया, क्षयरोगासारखे दीर्घकालीन आजार यांसाठी हीच रुग्णालये त्यांचा एकमेव आधार होती. त्यातच निर्वासितांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश लोक छावण्यांबाहेर राहत असल्यामुळे त्यांच्या उपचारांचा भार छावणीतील दवाखान्यांऐवजी थेट स्थानिक आरोग्य केंद्रांवर पडत होता.

अतिरिक्त भार पेलण्यासाठी इतर ठिकाणांहून डॉक्टर व परिचारिका पाठवण्यात आल्या, वैद्यकीय विद्यार्थ्यांची स्वयंसेवक पथके तयार करण्यात आली आणि निर्वासितांमध्ये असलेल्या डॉक्टरांना छावण्यांतील दवाखान्यांत काम देण्यात आले. निर्वासित डॉक्टरांना रुग्णांची बोली व चालीरीती ठाऊक असल्यामुळे त्यांचा विशेष उपयोग झाला.

पटकीची साथ

गंगेच्या त्रिभुज प्रदेशात पटकी हा पूर्वापार आढळणारा रोग आहे. १९७१ च्या मे महिन्यात छावण्यांमध्ये या रोगाचे रुग्ण आढळले आणि जूनमध्ये साथीने उग्र रूप धारण केले. पावसाळा सुरू झाल्याने सखल भागातील छावण्यांमध्ये पाणी साचले, शौचाची व्यवस्था कोलमडली आणि पिण्याचे पाणी दूषित झाले. सप्टेंबरपर्यंत नोंद झालेल्या पटकीच्या रुग्णांची संख्या ४६ हजारांवर गेली.

सीमेवर व छावण्यांत पटकीची लस टोचण्याची मोहीम हाती घेण्यात आली. वेगाने लस देण्यासाठी सुईविरहित दाबयंत्रेही वापरण्यात आली. तथापि त्या काळची टोचून देण्याची लस अंशतः व अल्पकाळच संरक्षण देत असे. त्यामुळे मृत्यू टाळण्याचा मुख्य मार्ग आजारी पडलेल्यांवर तातडीने उपचार हाच होता.

पटकीत रोगजंतूंच्या विषामुळे आतड्यातून पाणी व क्षार वेगाने बाहेर पडतात. तीव्र आजारात प्रौढ रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत द्रव जाऊ शकतो आणि उपचार न मिळाल्यास काही तासांत मृत्यू ओढवतो. गमावलेले पाणी व क्षार भरून काढले, तर बहुतांश रुग्ण वाचतात. १९७१ मध्ये यासाठी शिरेवाटे सलाइन देणे हीच प्रस्थापित पद्धत होती. गंभीर अवस्थेतील ५० किलो वजनाच्या रुग्णाला सुरुवातीलाच सुमारे पाच लिटर सलाइन लागे आणि जुलाब थांबेपर्यंत त्यात भर घालावी लागे. शेकडो रुग्ण एकाच वेळी दाखल होत असताना तेवढे सलाइन पुरवणे आणि ते देण्यासाठी प्रत्येकाजवळ प्रशिक्षित व्यक्ती उभी करणे अशक्य होते.

बनगाव येथील उपचार

बनगाव हे तत्कालीन चोवीस परगणा जिल्ह्यातील सीमेजवळचे गाव असून जेसोरकडून येणाऱ्या निर्वासितांचा तो एक प्रमुख मार्ग होता. दिलीप महालनबीस (१२ नोव्हेंबर १९३४ – १६ ऑक्टोबर २०२२) यांचा जन्म पूर्व बंगालमधील किशोरगंज येथे झाला होता. १९७१ मध्ये ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कलकत्ता येथील संशोधन केंद्रात काम करत होते. २४ जून १९७१ रोजी ते आपल्या पथकासह बनगावच्या रुग्णालयात पोहोचले.

तेथे पटकीच्या रुग्णांसाठी दोन खोल्या व १६ खाटा होत्या. खोल्यांची जमीन रुग्णांनी भरून गेली होती. महालनबीस यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, सलाइन लावण्यासाठी रुग्णांच्या मलमूत्रात व वांतीत गुडघे टेकून बसावे लागत होते. सलाइनचा साठा संपत आला होता आणि त्यांच्या पथकातील केवळ दोन जण शिरेवाटे सलाइन देण्यात प्रशिक्षित होते. या पद्धतीने साथ आटोक्यात येणार नाही, हे ४८ तासांच्या आत त्यांच्या लक्षात आले.

तोंडावाटे क्षार-साखरेचे द्रावण देऊन पटकीवर उपचार करता येतो, हे त्यापूर्वीच्या संशोधनातून दिसून आले होते. कलकत्त्यातील डॉक्टर हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये अशा उपचाराविषयी लिहिले होते. १९६० च्या दशकात ढाका व कलकत्ता येथील पटकी संशोधन संस्थांमध्ये यावर अधिक काम झाले. १९६८ मध्ये डेव्हिड नलिन व रिचर्ड कॅश यांनी ढाका येथील प्रयोगशाळेच्या वतीने केलेल्या अभ्यासात या द्रावणामुळे शिरेवाटे द्यावयाच्या सलाइनची गरज मोठ्या प्रमाणात घटते असे आढळले. आतड्यात साखर (ग्लुकोज) आणि सोडियम एकत्र शोषले जातात व त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. पटकीतही ही क्रिया शाबूत राहते, हे या उपचाराचे तत्त्व आहे. मात्र हे सर्व प्रयोग सुसज्ज रुग्णालयांत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले होते. साथीच्या गोंधळात, अप्रशिक्षित माणसांच्या हाती हा उपचार सोपवणे सुरक्षित आहे, असे बहुसंख्य वैद्यक मानत नव्हते.

महालनबीस यांनी दुसरा पर्याय नसल्यामुळे ही जोखीम पत्करली. कलकत्त्याच्या बाजारातून ग्लुकोज व क्षार घाऊक भावाने आणण्यात आले. संशोधन केंद्रातील एका खोलीत ते तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले जात आणि पिशव्यांची तोंडे गरम इस्त्रीने बंद केली जात. एक लिटर पाण्यासाठी २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ व २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे प्रमाण ठरवण्यात आले. सहज मिळणारे व कमीत कमी घटक असावेत म्हणून पोटॅशियमचा क्षार त्यात घेतला नव्हता.

बनगावला हे मिश्रण तोटी असलेल्या पिंपांतील पाण्यात विरघळवले जाई. रुग्णांचे आई-वडील, भाऊ-बहीण किंवा सोबती मगाने किंवा पेल्याने ते भरून घेत आणि रुग्णाला थोडे-थोडे पाजत. केवळ बेशुद्धीच्या उंबरठ्यावर असलेल्या व तोंडाने पिऊ न शकणाऱ्या रुग्णांना आरंभी सलाइन लावले जाई. ते सावरताच त्यांनाही द्रावण दिले जाई. अशा रीतीने मोजक्या प्रशिक्षित हातांचा उपयोग अत्यवस्थ रुग्णांपुरता राखून ठेवता आला. तहान लागेल तोवर पिणे आणि जुलाबातून गेलेले पाणी भरून काढणे, ही सूचना निरक्षर नातेवाइकांनाही समजण्याजोगी होती. कुटुंबातील माणूस रुग्णाजवळून हलत नसल्याने देखरेखही अखंड राहत असे.

सुमारे आठ आठवड्यांच्या काळात या केंद्रात जवळपास ३,७०० रुग्णांवर उपचार झाले. या पद्धतीपूर्वी पटकीच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत पोहोचले होते; ते बनगावला ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेतील जिवाणूजन्य रोगांचे तज्ज्ञ डॉ. धीमान बरुआ यांनी बनगावला भेट देऊन हे काम पाहिले व पुढे त्या संघटनेत या उपचाराचा आग्रहाने पुरस्कार केला. द्रावण तयार करण्याची कृती गुप्त बांगलादेशी नभोवाणी केंद्रावरूनही प्रसारित करण्यात आली.

महालनबीस व सहकाऱ्यांचा या कामावरील शोधनिबंध १९७३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो नियंत्रित वैद्यकीय चाचणीचा अहवाल नव्हता. आपत्कालीन स्थितीत घेतलेल्या अनुभवाची ती नोंद होती. तरीही या उपचारासाठी डॉक्टरची सतत उपस्थिती आवश्यक नाही, हे त्यातून व्यवहारात सिद्ध झाले.

कुपोषण

छावण्यांमधील मृत्यूंत लहान मुलांचा वाटा मोठा होता. प्रवासातील उपासमार, वारंवार होणारा अतिसार, गोवर व न्यूमोनिया यांमुळे पाच वर्षांखालील मुलांत तीव्र कुपोषण दिसू लागले. अतिसाराने कुपोषण वाढते आणि कुपोषित मूल अतिसाराने लवकर दगावते, अशा दुष्टचक्रात ही मुले सापडली होती. प्रौढांसाठी दिले जाणारे तांदूळ-डाळीचे शिधावाटप आजारी बालकांना पुरेसे वा योग्य नव्हते.

भारत सरकारने युनिसेफच्या साहाय्याने ‘ऑपरेशन लाइफलाइन’ ही बालपोषण मोहीम सुरू केली. तिचे दोन स्तर होते. सर्वसाधारण बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना पूरक आहार केंद्रांतून दूध व पौष्टिक अन्न दिले जाई, तर तीव्र कुपोषित बालकांसाठी स्वतंत्र उपचार केंद्रे होती. यामुळे जिल्हा रुग्णालयांच्या बालरोग विभागांवरील भार छावण्यांतील केंद्रांमध्ये विभागला गेला.

डोळे येण्याची साथ

१९७१ मध्ये कलकत्ता व परिसरात डोळे येण्याची तीव्र साथ पसरली. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्तस्राव होऊन डोळे लालभडक होणे हे तिचे लक्षण होते. १९६९ मध्ये घाना येथे प्रथम आढळलेल्या व नंतर आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांत पसरलेल्या विषाणुजन्य रोगाचाच ती भाग होती. निर्वासितांच्या आगमनाच्या काळातच ती आल्याने बंगालमध्ये लोकांनी तिला मुक्तिसंग्रामातील घोषणेवरून ‘जय बांगला’ असे नाव दिले. पश्चिम बंगालमध्ये डोळे येण्याला आजही हे नाव वापरले जाते. रोग जीवघेणा नसला तरी परिचारिका, डॉक्टर व मदतकार्यकर्ते स्वतःच आजारी पडून कामावरील मनुष्यबळ घटणे, हा अशा साथींचा परिणाम असतो.

देवीचा रोग आणि निदानातील चूक

पूर्व पाकिस्तानात ऑगस्ट १९७० नंतर देवीचा रोग आढळला नव्हता. भारतात मात्र तो अद्याप अस्तित्वात होता. कलकत्त्याजवळील सॉल्ट लेक येथे दोन लाखांहून अधिक निर्वासितांची छावणी होती. तेथे तंबूंबरोबरच बांधकामासाठी आणलेल्या सिमेंटच्या मोठ्या पाइपांमध्येही कुटुंबे राहत होती. १९७१ च्या अखेरीस या छावणीत देवीचे रुग्ण आढळले. परंतु पुरळ कांजिण्यांचे समजले गेल्याने व्यापक लसीकरण वेळेवर झाले नाही.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि निर्वासित झपाट्याने मायदेशी परतू लागले. जानेवारी १९७२ मध्ये हे रुग्ण देवीचेच असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या निदर्शनास आले, तोवर संसर्ग झालेले अनेक लोक बांगलादेशात पोहोचले होते. परिणामी देवीमुक्त झालेल्या या प्रदेशात रोग पुन्हा पसरला व त्यात हजारो लोक आजारी पडले. ऑक्टोबर १९७५ मध्ये भोला बेटावर आढळलेला रुग्ण हा बांगलादेशातील, तसेच देवीच्या तीव्र प्रकाराचा जगातील शेवटचा नैसर्गिक रुग्ण ठरला. गर्दी, अतिसार व कुपोषण यांकडे सर्व लक्ष लागलेले असताना एका रोगाचे निदान चुकल्यास त्याची किंमत शेजारी देशालाही मोजावी लागते, याचे हे उदाहरण सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात दिले जाते.

त्रिपुरा आणि बांगलादेश फील्ड हॉस्पिटल

त्रिपुरात रुग्णसेवेचा मुख्य भार आगरतळा येथील गोविंद वल्लभ पंत (जी. बी.) रुग्णालय व व्हिक्टोरिया मेमोरियल (व्ही. एम.) रुग्णालय यांच्यावर होता. जी. बी. रुग्णालयात सीमेपलीकडून येणाऱ्या जखमी नागरिकांवर व मुक्तिवाहिनीच्या योद्ध्यांवर शस्त्रक्रिया होत. तेथील शल्यविशारद डॉ. रथीन दत्त यांच्या या काळातील कामाची नोंद पुढे भारत व बांगलादेश या दोन्ही देशांनी सन्मानपूर्वक घेतली.

लंडनमध्ये शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेत असलेले डॉ. जफरुल्ला चौधरी व हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एम. ए. मोबिन हे शिक्षण सोडून त्रिपुरात आले. त्यांच्या पुढाकाराने मेलाघर येथे सुरू झालेले व नंतर बिश्रामगंज येथे हलवलेले ‘बांगलादेश फील्ड हॉस्पिटल’ हे बांबू व गवताच्या झोपड्यांतील ४८० खाटांचे रुग्णालय होते. कॅप्टन डॉ. सितारा बेगम यांनी त्याचे प्रमुखपद सांभाळले. त्यांना पुढे ‘वीर प्रतीक’ हा सन्मान मिळाला. प्रशिक्षित परिचारिकांची वानवा असल्याने येथे निर्वासित तरुणींना अल्पकाळाचे प्रशिक्षण देऊन शुश्रूषेच्या कामावर नेमण्यात आले. वैद्यकीय पूर्वानुभव नसलेल्या स्त्रिया थोड्या प्रशिक्षणाने मलमपट्टी, इंजेक्शन व रुग्णांची निगा ही कामे विश्वासाने करू शकतात, हे येथे दिसून आले. या अनुभवातूनच १९७२ मध्ये ढाक्याजवळील सावर येथे ‘गणस्वास्थ्य केंद्र’ ही संस्था उभी राहिली आणि ग्रामीण स्त्री आरोग्यसेविका हा तिच्या कार्याचा कणा बनला. जफरुल्ला चौधरी यांना १९८५ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

निर्वासितांचे परतणे

फेब्रुवारी १९७२ अखेरपर्यंत ९० लाखांहून अधिक निर्वासित बांगलादेशात परतले. मार्चच्या अखेरीस भारतात सुमारे ६० हजार निर्वासित उरले असल्याचा भारत सरकारचा अंदाज होता. छावण्या बंद झाल्याने सीमावर्ती रुग्णालयांवरील प्रत्यक्ष भार काही महिन्यांत ओसरला. मात्र परतणाऱ्यांना युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात तितकीच दुबळी आरोग्ययंत्रणा मिळाली.

दूरगामी परिणाम

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी क्षार-साखर द्रावणाचे एक प्रमाणित सूत्र मान्य केले आणि १९७८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अतिसार नियंत्रणाचा जागतिक कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने या उपचाराच्या शोधाला शतकातील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांमध्ये स्थान दिले. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १९८० पासून घरोघरी जाऊन मातांना मीठ व गुळाचे द्रावण करण्यास शिकवले. तेथे हे द्रावण ‘खाबार सलाइन’, म्हणजे प्यायचे सलाइन, या नावाने रूढ आहे. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रे व अंगणवाड्यांतून जलसंजीवनीच्या पुड्या दिल्या जातात; पुडी नसल्यास मीठ-साखर-पाणी देण्याचा सल्ला दिला जातो. २००२ मध्ये सूत्रातील मीठ व साखर यांचे प्रमाण कमी करण्यात आले. पटकीच्या टोचण्याच्या लसीची मर्यादा लक्षात घेऊन आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तिच्या दाखल्याची अट १९७३ मध्ये काढून टाकण्यात आली.

महालनबीस यांना २००२ मध्ये बालआरोग्य संशोधनासाठी दिला जाणारा पोलिन पुरस्कार इतर संशोधकांसमवेत विभागून मिळाला. २०२३ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

नंतरच्या आपत्तींशी तुलना

१९७१ चा अनुभव उपलब्ध असूनही पुढील काळात त्याची सर्वत्र पुनरावृत्ती झाली नाही. जुलै १९९४ मध्ये रवांडातून तत्कालीन झाईरमधील गोमा परिसरात काही दिवसांत पाच ते आठ लाख निर्वासित आले. पहिल्या महिन्यात तेथे सुमारे ५० हजार लोक मरण पावले व त्यांतील बहुसंख्य मृत्यू पटकी आणि इतर अतिसारांमुळे झाले. जलसंजीवनीचे तंत्र त्या वेळी सर्वज्ञात होते. परंतु पाण्याची टंचाई, उपचार केंद्रे उभारण्यातील विलंब आणि अतिसाराच्या उपचाराचा अनुभव नसलेले कर्मचारी यांमुळे ते अनेकांपर्यंत वेळेत पोहोचले नाही.

ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बझार जिल्ह्यात आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये तेथे तोंडावाटे देण्याच्या पटकीच्या लसीची मोठी मोहीम राबवण्यात आली आणि ढाका येथील पटकी संशोधन प्रयोगशाळेतून विकसित झालेल्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्राचा अनुभव उपयोगी पडला. पटकीची मोठी साथ टळली. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस छावण्यांत घटसर्पाची साथ आली. अनेक तरुण डॉक्टरांनी हा रोग पूर्वी प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. एका रोगासाठी सज्ज असलेली यंत्रणा दुसऱ्या रोगाच्या बाबतीत अननुभवी ठरू शकते, हे सॉल्ट लेकच्या छावणीत दिसलेले वास्तव येथेही वेगळ्या स्वरूपात प्रत्ययास आले.

या तिन्ही घटनांची तुलना करता, निर्वासितांच्या आगमनकाळातील रुग्णसेवेचे यश केवळ खाटा व औषधांच्या संख्येवर अवलंबून नसते, असे दिसते. उपचार सोपा करून तो रुग्णांच्या नातेवाइकांच्या व खुद्द निर्वासितांच्या हाती देणे, प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा वेळ अत्यवस्थ रुग्णांसाठी राखणे आणि रोगांचे अचूक निदान करणारी पाहणी सुरू ठेवणे, या गोष्टी तितक्याच निर्णायक ठरतात. बनगाव व बिश्रामगंज येथे यांतील पहिल्या दोन गोष्टी साधल्या. सॉल्ट लेक येथे तिसरी सुटली.